घोड्याची पाठ आणि मुलाचा तोल

केज तालुक्यातील एका पालकांचे पत्र आले आहे. त्यांच्या सहा वर्षांच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे. जन्माच्या सुमारास मेंदूला इजा झाल्याने त्याचे पाय ताठ राहतात, पाठ सावरत नाही. घोड्यावर बसवल्याने अशी मुले सुधारतात असे त्यांच्या कानावर आले. गावात वरातीची घोडी आहे, तिच्यावर बसवावे का, असे ते विचारतात.

वरातीच्या घोडीवर मुळीच बसवू नका. मात्र ऐकलेली गोष्ट अगदीच खोटी नाही.

घोडा संथ चालतो तेव्हा त्याची पाठ पुढे-मागे, डावी-उजवीकडे आणि थोडी वर-खाली हलते. माणूस चालताना त्याची कंबरही जवळजवळ अशीच हलते. म्हणजे जे मूल कधी चाललेच नाही, त्याच्या कमरेला चालण्याची लय मिळते. प्रत्येक पावलाला तोल किंचित ढळतो आणि तो सावरताना पोटापाठीचे स्नायू कामाला लागतात. घोडा मिनिटाला शंभराच्या आसपास पावले टाकतो. वीस मिनिटांत दोन हजार वेळा व्यायाम होतो, आणि मुलाला वाटते आपण फिरायला आलो!

अमेरिकेत अशा १५ मुलांवर झालेला एक प्रयोग २००३ साली प्रसिद्ध झाला. काही मुलांना आठ मिनिटे घोड्यावर बसवले, बाकीच्यांना तेवढाच वेळ स्थिर पिंपावर. घोड्यावरच्या मुलांच्या दोन्ही बाजूंचे स्नायू अधिक सारखे काम करू लागले, पिंपावरच्यांचे नाही. पण २००९ साली ऑस्ट्रेलियातील ९९ मुलांच्या अभ्यासात, दहा आठवड्यांच्या घोडेस्वारीनंतर फारसा फरक दिसला नाही. म्हणून हा जोडउपचार समजावा. रोजचा व्यायाम बंद करून घोड्यामागे लागू नये.

डेन्मार्कच्या लिस हार्टेल या बाईंचे उदाहरण नेहमी दिले जाते. १९४४ साली पोलिओने त्यांचे गुडघ्याखालचे पाय लुळे पडले. घोड्यावर त्यांना उचलून बसवावे लागे, तरी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी घोडेस्वारीत रौप्यपदक मिळवले. पाय मात्र बरे झाले नाहीत. शिवाय आजाराआधीपासून त्या कसलेल्या स्वार होत्या, हे सांगणारे सहसा विसरतात.

आता वरातीच्या घोडीविषयी. ती बँडवर नाचायला शिकवलेली असते. फटाका वाजला, कुत्रे अंगावर आले की उधळू शकते. उपचारासाठी साडेचार फुटांच्या आसपास उंचीचे, शांत, एकसारखे पाऊल टाकणारे जनावर लागते. एक माणूस लगाम धरतो, दोघे दोन्ही बाजूंनी मुलाला आधार देत चालतात आणि फिजिओथेरपिस्ट सगळ्यावर नजर ठेवतो. मुलाच्या डोक्यावर हेल्मेट हवेच.

खर्च जनावराच्या चाऱ्याचा, पण खरी अडचण असते ती बाजूने चालणाऱ्या माणसांची. दर आठवड्याला ठरल्या वेळी येणारे धडधाकट स्वयंसेवक मिळाले नाहीत, तर घोडा असूनही उपयोग नाही. घोड्याची पारख असलेली माणसे मराठवाड्यात आहेत. माळेगावच्या यात्रेत ती दिसतात. एखाद्या अपंग शाळेने हे काम हाती घेतले, तर अशा जाणकारांनी जनावर पारखून द्यावे आणि तरुणांनी आठवड्यातला एक तास.

त्याआधी तपासणी आवश्यक आहे. खुबा निखळलेला असेल, फिट्स आटोक्यात नसतील, तर घोडा वर्ज्य. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलाच्या मानेचा सांधा सैल असू शकतो, तो आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावा.

पत्र लिहिणाऱ्या पालकांनी तूर्त अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मुलाचे खुबे दाखवावेत. तेथे परवानगी मिळाली, तर घरी जाड, घट्ट लोडावर दोन्हीकडे पाय सोडून मुलाला बसवावे. वडिलांनी मागे बसून कंबर धरावी आणि लोड हळूहळू डोलवावा. दहा मिनिटे पुरेत. मूल रडू लागले किंवा पाय जास्तच ताठले, तर थांबावे.