बेहडा, धनेश आणि आपले त्रिफळा चूर्ण



आपल्यापैकी ज्याच्या चिकित्सालयात त्रिफळा चूर्णाची बरणी नाही, असा वैद्य शोधूनही सापडणार नाही. हिरडा, बेहडा व आवळा या तीन फळांवर आपल्या शास्त्राचा व व्यवसायाचाही फार मोठा डोलारा उभा आहे. त्यांपैकी आवळ्याच्या बागा झाल्या, त्याला बाजारात मान मिळाला. हिरड्याला तर ग्रंथकारांनी मातेची उपमा दिली. मधला बेहडा मात्र उपेक्षितच राहिला. त्याची लागवड क्वचितच कोणी करतो. आपल्याकडे येणारा बेहडा आजही प्रामुख्याने जंगलातून, डोंगरउतारावरील खासगी मालकीच्या झाडोऱ्यातून व गावाच्या देवराईच्या कडेने गोळा होऊन येतो. या उपेक्षित वृक्षाशी एका भव्य पक्ष्याचे आयुष्य बांधलेले आहे व त्या दोघांचेही भवितव्य काही अंशी आपल्या खरेदीच्या वहीत लिहिले जाते, हे सांगण्यासाठी प्रस्तुत लेखाचा प्रपंच आहे.

एका झाडाची हकिकत

आमची औषधशाळा लहान असून ती रत्नागिरी जिल्ह्यात आहे. वर्षाकाठी आम्हांस सुमारे दोन क्विंटल बेहडा लागतो. अनेक वर्षे हा माल आम्ही एका व्यापाऱ्याकडून घेत होतो. रंग, वजन व कीड एवढेच पाहायचे आणि पैसे चुकते करायचे, अशी आमची रीत होती. झाड कोणते, जागा कोणती, फळ कोणी वेचले, हे प्रश्न आम्ही कधी विचारले नाहीत.

एका वर्षी माल वेळेवर आला नाही, म्हणून आम्ही स्वतःच वेचणाऱ्या मंडळींच्या वाडीवर गेलो. ज्या झाडाखाली दरवर्षी पोती भरत, तेथे केवळ बुंधा शिल्लक होता. तो इतका रुंद होता की त्यावर चार माणसांनी ऐसपैस बसावे. मालकाने सगळा झाडोरा उभाच्या उभा लाकूडतोड ठेकेदारास विकला होता. घराचे छप्पर पावसाळ्यापूर्वी दुरुस्त करावयाचे होते आणि हाती दुसरा पैसा नव्हता. आम्ही हळहळ व्यक्त केली तेव्हा ते वृद्ध गृहस्थ शांतपणे म्हणाले, "डॉक्टर, फळाला तुमचा व्यापारी किलोमागे काय देतो ते एकदा विचारा. मग झाड का विकले ते मला विचारू नका."

या उत्तराने आम्ही निरुत्तर झालो. चौकशी केली तेव्हा आम्ही देत असलेल्या किमतीचा अगदी थोडा भाग त्या वाडीपर्यंत पोहोचत असल्याचे कळले. निघताना त्यांच्या नातवाने पडलेल्या खोडातील एक ढोली दाखवली. तिच्या तोंडाशी वाळलेल्या चिखलासारखा कठीण लेप अजून चिकटलेला होता. "इथं दरवर्षी माडगरुड बसायचा," तो म्हणाला. तो लेप म्हणजे काय, हे त्या दिवशी आम्हांस ठाऊक नव्हते. नंतर वाचन केले, पक्षी-अभ्यासकांना विचारले आणि आमच्या अज्ञानाची लाज वाटली.

धनेशाचा संसार

महाराष्ट्रात धनेशाच्या चार जाती आढळतात. गावाशहरांतून दिसणारा राखी धनेश, सह्याद्रीतील मलबारी राखी धनेश, कोकणातील मलबारी कवड्या धनेश आणि सर्वांत मोठा महाधनेश. महाधनेशाची लांबी सुमारे एक मीटर किंवा त्याहून अधिक भरते. तो उडतो तेव्हा पंखांचा घोंघाट दुरूनही ऐकू येतो.

या पक्ष्याला सुताराप्रमाणे स्वतः ढोली कोरता येत नाही. जुन्या वृक्षाच्या खोडात फांदी मोडून, लाकूड कुजून नैसर्गिकपणे झालेली मोठी पोकळीच त्याला लागते. विणीच्या काळात, साधारणतः शिशिराच्या अखेरीपासून ग्रीष्मापर्यंत, मादी त्या ढोलीत शिरते आणि स्वतःची विष्ठा, अन्नाचा चोथा व माती यांच्या लेपाने दार बंद करून घेते. राहते ती केवळ चोच बाहेर येईल एवढी फट. तेथून पुढे अनेक आठवडे नर फळे आणून तिला व पुढे पिल्लाला भरवतो. महाधनेशाच्या घरट्यातून बहुधा एका हंगामात एकच पिल्लू बाहेर पडते. या काळात नर मारला गेला तर आतील मादी व पिल्लू यांच्यावर उपासमारीची वेळ येते. झाडच तोडले गेले तर काय होते, हे वेगळे सांगावयास नको.

उत्तर सह्याद्रीत व कोकणात धनेशाच्या घरट्यांसाठी उपयोगी पडणाऱ्या मोठ्या वृक्षांत बेहड्याचे स्थान महत्त्वाचे आहे. याचे कारणही विचार करण्यासारखे आहे. बेहड्याचे लाकूड टिकाऊ मानले जात नाही. सागवानासारखा त्याला भाव नसल्याने पूर्वी त्याच्याकडे कोणी फारसे वळत नसे. शिवाय भूतवास, कलिद्रुम ही त्याची निघंटूक्त नावे लोकसमजुतीतही जिवंत होती. भुताच्या भीतीने झाडावर कुऱ्हाड पडत नसे, झाड म्हातारे होई आणि ढोल्या तयार होत. भीती गेली हे चांगलेच झाले. परंतु तिच्या जागी आदर आला नाही, आणि हलक्या लाकडालाही खोकी व जळण यांसाठी गिऱ्हाईक मिळू लागले.

धनेशही या उपकाराची परतफेड करतो. वड, पिंपळ, उंबर, काजरा अशा वृक्षांची फळे खाऊन तो बिया दूरवर टाकतो. यांतील उंबर, वड व पिंपळ हे पंचवल्कलातील, तर काजरा म्हणजे आपला कुचला. धनेश नाहीसा झाला तर वनातील औषधिवृक्षांची पेरणी करणारा एक कष्टाळू माळी नाहीसा होईल. २०१८ पासून महाधनेशाची गणना जागतिक पातळीवर असुरक्षित जातींमध्ये होत आहे.

शास्त्राची आज्ञा

पर्यावरण हा विषय आपल्याला परका नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसऱ्या अध्यायात, कांपिल्य नगरीजवळ गंगेच्या तीरावर फिरत असताना भगवान आत्रेय अग्निवेशास जनपदोध्वंसाची कारणे सांगतात. वायू, उदक, देश व काल बिघडतात तेव्हा संपूर्ण जनपद उद्ध्वस्त होते. भूमी विरस होण्यापूर्वीच औषधी गोळा करून ठेवावीत, असेही ते तेथेच सांगतात. याचा अर्थ भूमीच निःसत्त्व झाली तर औषधही निःसत्त्व होते, हे आचार्यांना स्पष्ट दिसत होते.

कल्पस्थानात तर द्रव्यसंग्रहाचा विधीच दिला आहे. मूळ कोणत्या ऋतूत घ्यावे, साल केव्हा, फळ केव्हा, याचे नियम आहेत. गुणवत्तेसाठी घातलेले हे नियम पाळले तर वनस्पतीला सावरण्यास अवधीही मिळतो. वनात राहणाऱ्या गुराख्यांना व मेंढपाळांना औषधींची नावे व रूपे ठाऊक असतात, असे सांगून आचार्यांनी त्यांचा मान राखला. आपण मात्र त्यांच्याकडून ज्ञानही घेतो, मालही घेतो आणि भाव व्यापाऱ्याला देतो.

द्रव्याचा कोणता भाग घेतो, यावरही बरेच अवलंबून असते. पक्व फळ वेचल्याने झाड मरत नाही. मूळ उपटल्याने किंवा साल सर्व बाजूंनी सोलल्याने मरते. अशोकाची दुर्दशा आपल्या डोळ्यांसमोर आहे. खरा सीता अशोक वनात दुर्मिळ झाला व बाजारात त्याच्या नावाने आसुपालवाची साल येऊ लागली. बाळहिरड्याचेही भान ठेवावयास हवे. बी धरण्यापूर्वीच सर्व फळे उतरवली तर पुढची रोपे कोठून येणार? काही फळे झाडावर पिकू द्यावीत, एवढा साधा संकेत पाळला तरी पुरेसे आहे.

एक अनुकरणीय उदाहरण

या दिशेने आपल्याच राज्यात काम झाले आहे. पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन या संस्थेने भीमाशंकर परिसर व कोकणात हिरडा-बेहडा वेचणाऱ्या ग्रामस्थांबरोबर काम करून त्या मालास 'फेअरवाइल्ड' हे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळवून दिले. फांद्या न तोडता फळ वेचणे, काही फळे वन्यजीवांसाठी व पुनरुत्पत्तीसाठी सोडणे, घरट्यांचे वृक्ष राखणे आणि वेचणाऱ्यास रास्त भाव देणे, हा त्याचा गाभा आहे. असा माल ब्रिटनमधील पुक्का हर्ब्स ही कंपनी विकत घेऊ लागली. सातासमुद्रापलीकडचा ग्राहक आपल्या बेहड्याची व धनेशाची चौकशी करतो आणि जवळचे आपण करीत नाही, ही गोष्ट आम्हांस बोचते.

दुकानात येणारे निषिद्ध द्रव्य

आणखी एका विषयाचा स्पष्ट उल्लेख करणे भाग आहे. संधिवातावर धनेशाची चरबी किंवा तेल गुणकारी, असा समज ठिकठिकाणी आहे व रुग्ण आपल्यालाही विचारतात. अशा रुग्णास नुसते "नाही" म्हणून परत पाठवू नये. आपल्याकडे महानारायण तेल आहे, निर्गुंडी आहे, रास्ना आहे. ते देऊन त्याची समजूत घालावी.

'हाताजोडी' या नावाने विकले जाणारे मूळ प्रत्यक्षात घोरपडीच्या नराचे जननेंद्रिय असल्याचे २०१७ मध्ये उघड झाले. सांबराचे शिंग दरवर्षी आपोआप गळते हे खरे. तथापि परवानगीवाचून त्याची खरेदी-विक्री करणे गुन्हाच ठरतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ यात २०२२ मध्ये सुधारणा होऊन ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आहे. पहिल्या अनुसूचीतील प्राण्यांसंबंधी गुन्ह्यास तीन ते सात वर्षे कारावास व किमान पंचवीस हजार रुपये दंड आहे. दारावर येऊन अशा वस्तू दाखवणाऱ्यास थारा देऊ नये.

आपण काय करू शकतो?

१. कच्चा माल घेताना व्यापाऱ्यास तीन प्रश्न विचारावेत : कोठला, कोणत्या महिन्यातला, कोणी वेचलेला. उत्तरे खरेदीच्या नोंदवहीत लिहावीत.

२. शक्य असेल तेथे वेचणाऱ्या कुटुंबांकडून थेट खरेदी करावी व हंगामापूर्वी काही रक्कम आगाऊ द्यावी.

३. चूर्णासाठी फोडलेल्या बेहड्याच्या अखंड आठळ्या फेकून न देता चोवीस तास पाण्यात भिजवून पिशव्यांत लावाव्यात. सर्वच उगवतील असे नाही; उगवलेली रोपे शाळा व ग्रामपंचायतींना द्यावीत.

४. वनस्पतिज काढ्यांचा चोथा खतात घालावा. रसकल्पांचे अवशेष मात्र त्यात मिसळू नयेत.

५. ज्यांना मूळ किंवा साल लागते अशा द्रव्यांसाठी लागवडीचा माल मिळतो का, ते आधी पाहावे.

त्या वाडीत आता आमची खरेदी थेट होते. शेजारच्या उतारावर बेहड्याचा दुसरा एक जुना वृक्ष आहे. त्याच्या मालकाशी आम्ही ठरवले, की फळाचा दर आम्ही वाढवून देऊ, निम्मी रक्कम आधी देऊ आणि झाड उभे ठेवावे. लेखी करार नाही, शब्दाचाच व्यवहार आहे. गेल्या हंगामात त्यांनी निरोप पाठवला, की झाडावर माडगरुडाची जोडी येऊन ढोली पाहून गेली, पण बसली नाही. यंदा बसेल की नाही, हे आम्ही सांगू शकत नाही. शिवाय आमची दोन क्विंटलची गरज म्हणजे एका वृक्षाचे अभय. पुढच्या उतारावरील झाडे आमच्या आवाक्याबाहेर आहेत.

म्हणूनच संघटनेपुढे आमची नम्र सूचना आहे. प्रत्येक जिल्हा शाखेने आपल्या भागातील जुन्या बेहडा व हिरडा वृक्षांची नोंद करावी आणि सभासद औषधशाळांनी मिळून त्या वृक्षांच्या फळांची खरेदी वाटून घ्यावी. जैविक विविधता कायद्याने वैद्यांना पूर्वसूचनेच्या अटीतून सवलत दिली आहे. ही सवलत म्हणजे आपल्यावर टाकलेला विश्वास आहे. येत्या वार्षिक सभेत या विषयावर चर्चा व्हावी आणि येताना प्रत्येकाने आपल्या खरेदीच्या वहीचे एक पान सोबत आणावे, ही विनंती.