लवचीक प्रथिने आणि वनस्पतितंतू : एक आशादायी संगम

आपली त्वचा, रोहिणी व फुप्फुसे ताणली जाऊन पुन्हा पूर्ववत होतात, ती प्रामुख्याने ‘इलॅस्टिन’ या प्रथिनामुळे. हे प्रथिन मुख्यतः बालवयात तयार होते. पुढे त्याची भरपाई फारशी होत नाही. म्हणूनच खोल भाजलेली जखम भरून आली, तरी तेथील त्वचा ताठर राहते आणि सांध्यापाशी आखडते. गमावलेली ही लवचीकता परत कशी मिळवून द्यावी, या प्रश्नातून नव्या पदार्थांचा शोध सुरू झाला.

या शोधात कीटकांचेही साहाय्य झाले. टोळाच्या पंखांच्या सांध्यातील ‘रेझिलिन’ या रबरासारख्या प्रथिनाचे वर्णन टॉर्केल वाइस-फोग यांनी १९६० साली केले. २००५ मध्ये ऑस्ट्रेलियातील ख्रिस्टोफर एल्विन व सहकाऱ्यांनी फळमाशीच्या जनुकाचा अंश जिवाणूत घालून ते प्रयोगशाळेत बनविले. इलॅस्टिनच्या धर्तीवर रचलेली प्रथिने तर ठरावीक तापमानाच्या वर आपोआप आकुंचन पावतात आणि थंड होताच पुन्हा पसरतात. परिस्थितीला असा प्रतिसाद देणे, हेच त्यांचे वैशिष्ट्य होय.

मात्र ही प्रथिने एकटी फार मऊ असतात. त्यांना बळ देतात सेल्युलोजचे केसाहून हजारो पटींनी सूक्ष्म असे तंतू. ते लाकूड, कापूस, एवढेच नव्हे तर उसाच्या चिपाडापासूनही मिळतात. खरी कसोटी असते ती या दोहोंना जोडण्याची. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात ओदेद शोसेयोव यांच्या गटाने रेझिलिनला सेल्युलोजला घट्ट धरणारा प्रथिनखंड जोडून हा सांधा साधला. तंतू भार पेलतात आणि प्रथिन ताण सोसून मूळ आकार परत आणते.

शरीराच्या हालचालीबरोबर ताणले जाणारे, उष्णतेनुसार औषध सोडणारे जखमेचे आच्छादन, ही या संशोधनाची एक दिशा आहे. तथापि मानवी शरीराला सेल्युलोज पचविता येत नाही. त्यामुळे असा पदार्थ शरीरात कायम ठेवण्यापूर्वी दीर्घ चाचण्या अनिवार्य ठरतात. या संयुक्त पदार्थाचे काम आज मुख्यतः प्रयोगशाळेतच चालू आहे. त्याच्या नावाने कोणी महागडा उपचार सुचविल्यास रुग्णांच्या नातेवाइकांनी आधी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, ही नम्र विनंती. आशा जरूर बाळगावी. परंतु तोवर भाजलेल्या रुग्णांसाठी त्वचारोपण, दाबपट्ट्या आणि नियमित व्यायामोपचार हाच खात्रीचा आधार आहे.