'डोन्ट' सभ्य आणि 'नाय' गावठी?

वाणगाव स्टेशनवर सकाळी बोईसर-पालघरची गाडी धरणाऱ्यांत आपल्या वस्त्यांतील, पाड्यांवरील मुले असतात. आपापसात ती मोकळेपणाने 'नाय' म्हणतात. इंग्रजीत मुलाखत म्हटली की मात्र तोंड मिटते. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आले. पण भीती गेली नाही. म्हणून एका लहानशा शब्दाबद्दल आम्ही लिहीत आहोत.

'डू नॉट' भरभर बोलताना 'डोन्ट' होते. 'कॅन नॉट'चे 'कान्ट', 'शॅल नॉट'चे 'शान्ट'. 'विल नॉट'चे 'वोन्ट' कसे? तर जुन्या इंग्रजीत 'विल'चे 'वोल' असेही रूप होते, त्याची ती खूण. 'ही', 'शी' यांच्यासोबत 'डझन्ट' येते, 'डोन्ट' नाही. एवढे समजले की गाडे अडत नाही.

आता आपल्या भाषेकडे पाहा. 'न' आणि 'होता' मिळून 'नव्हता' झाले, तो शुद्ध ठरला. 'नाही'चे 'नाय' झाले, ते गावठी ठरले. इंग्रजीत 'एन्ट' हे रूप एकेकाळी इंग्लंडातील वरच्या वर्गातही बोलले जाई. पुढे त्यालाच गावंढळ ठरवले गेले. शब्द आखडण्याची रीत सगळीकडे एकच. शुद्ध कोणते आणि अशुद्ध कोणते, हे बोलणाऱ्याची पायरी पाहून ठरते. मग 'नाय' म्हणणाऱ्याने लाज का बाळगावी?

पण एक भेद विसरू नका. बोलण्यात 'नॉट' आखडतो, कायद्यात आखडत नाही. बाबासाहेबांच्या नेतृत्वाखालील मसुदा समितीने घडवलेल्या संविधानाचे इंग्रजी कलम १४ आणि १५ उघडून पाहा. राज्य कोणालाही कायद्यापुढील समानता नाकारणार नाही, जातीवरून भेदभाव करणार नाही, हे सांगताना तेथे 'शॅल नॉट' असे दोन पूर्ण शब्द आहेत. 'शान्ट' नाही. कारण त्या एका 'नॉट'वर आपले हक्क उभे आहेत.

तेव्हा मुलांनो, मुलाखतीत बिनधास्त 'डोन्ट' म्हणा, घरी 'नाय' म्हणा. पण अर्ज, तक्रार, निवेदन लिहिताना 'नॉट' पूर्ण लिहा. ज्यांचा नकार पिढ्यान्‌पिढ्या कोणी ऐकून घेतला नाही, त्यांनी तो कागदावर आखडता घेऊ नये.