गाब्बर म्हणजे खावेर

रॉटरडॅममधील तरुणांच्या एका संगीतप्रकाराला 'गाब्बर' म्हणतात. 'शोले'तल्या गब्बरसिंगाशी त्याचा काही संबंध नाही. आपल्या हिब्रूशी मात्र आहे. डच लोक 'ग' घशातून, जवळजवळ 'ख'सारखा उच्चारतात. यिद्दिशमधून डच बोलीत शिरलेला हा शब्द म्हणजे आपला 'खावेर', मित्र. तेथील यहुदी लोक अ‍ॅमस्टरडॅमला 'मोकुम आलेफ' आणि रॉटरडॅमला 'मोकुम रेश' म्हणत. मोकुम म्हणजे 'माकोम', ठिकाण; पुढे शहराच्या नावाचे पहिले अक्षर.

हे संगीत आपल्या वयाच्या माणसाला प्रथम गोंगाटच वाटते. मिनिटाला 160 किंवा त्याहूनही अधिक ठोके, तेही मुद्दाम फाटलेल्या आवाजात! पण ते कसे बनते हे कळले, की ऐकण्यात मौज आहे. म्हणून आम्ही ते थोडे समजावून सांगतो.

जुन्या रेकॉर्डमधून उचललेल्या तुकड्याला 'सॅम्पल' म्हणतात. तो गळ्याचा एखादा आलाप असेल, ढोलाचा एकच ठोका असेल किंवा चित्रपटातले एखादे वाक्य असेल. यंत्रात तो पुन्हा पुन्हा वाजवता येतो, त्याचा वेग व पट्टी बदलता येते. असे अनेक तुकडे जोडले, की गोधडी तयार होते. 'मॅशअप' म्हणजे एका गाण्यातील गायकाचा आवाज दुसऱ्या गाण्याच्या वाद्यमेळावर बसवणे. गायक एका पट्टीत आणि पेटीवाला दुसऱ्या पट्टीत असला तर काय होते, हे आपल्याला ठाऊक आहे. येथेही लय आणि पट्टी जुळवण्यातच कसब आहे.

काही रेकॉर्ड तर नुसत्या विक्षिप्तपणासाठी गाजतात. 1992 मध्ये 'रॉटरडॅम टर्मिनेशन सोर्स' या जोडीने 'पोइंग' नावाची रेकॉर्ड काढली. तिच्यात धृपद नाही, कडवे नाही. ठोका, आणि स्प्रिंग सुटल्यासारखा 'पोइंग' आवाज, जवळजवळ एवढेच! तरी ती डच लोकप्रियतेच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेली. त्याच वर्षी पॉल एल्स्टाक यांनी 'रॉटरडॅम रेकॉर्ड्स' ही कंपनी सुरू केली. तिच्या पहिल्याच रेकॉर्डच्या नावात विचारले होते, 'अ‍ॅमस्टरडॅम? ते कुठे आले?' मुंबई-पुण्याची थट्टा ऐकत वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे वेगळे समजवायला नको.

तुकडे जोडण्याचा हा नाद नेदरलँड्समध्ये त्याआधीही होता. विलेम व्हान कूटेन या प्रकाशकाने एका दुकानात गाण्यांचे तुकडे जोडलेली एक चोरटी रेकॉर्ड ऐकली. तिच्यात 'व्हीनस' हे गाणे होते. त्याचे हक्क त्याच्याकडेच होते आणि त्याने परवानगी दिलेली नव्हती! मग त्याने याप एख़रमोंट यांच्याकडून तशीच रेकॉर्ड रीतसर करवून घेतली. बीटल्ससारखा आवाज काढणारे गायक आणून सगळे तुकडे नव्याने गाऊन घेतले. ही 'स्टार्स ऑन 45' 1981 मध्ये अमेरिकेतही पहिल्या क्रमांकावर गेली.

कोणी म्हणेल, ही तर उसनवारी. तर मग आपली कीर्तने आठवा. 1880 च्या सुमारास आपल्या समाजात कीर्तने सुरू झाली. साकी, दिंडी ह्या मराठी चाली घेतल्या आणि त्यांत योसेफाची कथा बसवली. चाल एकीकडची, कथा दुसरीकडची. ऐकणाऱ्याला दोन्ही ओळखीची होती, म्हणूनच रंग भरे.

या संगीतातही आनंद ओळखण्याचाच असतो, आणि तेथे आपण म्हातारी माणसे नातवंडांच्या पुढे आहोत. 1987 मध्ये 'कोल्डकट' या इंग्रज जोडीने एका अमेरिकन रॅप गाण्यात ओफ्रा हाझा यांचा आवाज जोडला. जगभरच्या पोरांना ती फक्त एक सुंदर तान वाटली. ते शब्द सतराव्या शतकातील रब्बी शालोम शबाझी यांच्या 'इम निनआलू' या पियुटाचे आहेत, हे इस्रायलमधल्या आजीला चटकन कळते.

ऐकण्याची रीत सोपी आहे. आवाज बेताचा ठेवावा. पहिल्या वेळी फक्त ओळखीचा तुकडा शोधावा. दुसऱ्या वेळी तो कोठे जोडला आहे तो सांधा ऐकावा. तिसऱ्या वेळी सगळे एकत्र ऐकावे. मग नातवाला मूळ गाणे ऐकवावे आणि गाणाऱ्याचे नाव सांगावे.

नाव सांगणे महत्त्वाचे आहे. 1942 आणि 1943 मध्ये रॉटरडॅमच्या यहुदी लोकांना बंदरावरच्या 'लोड्स 24' या गोदामात गोळा करून पाठवण्यात आले. शोआमध्ये नेदरलँड्समधील सुमारे तीन चतुर्थांश यहुदी मारले गेले. त्यांचा 'खावेर' मात्र तेथील पोरांच्या तोंडी राहिला आणि त्यांच्या संगीताचे नाव झाला. तो कोणाचा शब्द आहे, हे नाचणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. तुकडा टिकतो, पण तो कोठून आला हे कोणीतरी सांगावे लागते. ज्यांना आठवते त्यांनी ते सांगावे, एवढीच आमची वाचकांना विनंती आहे.