खळ, टिश्यू आणि तीस पायऱ्या

संपादकांनी सांगितलं होतं, दुर्मीळ पुस्तकांची एखादी जुनी, गूढ जागा शोधा. मी राहतो वर्सोव्यात. इथल्या हवेत बोंबील वाळतात, पुस्तकं मात्र सादळतात. कपाटातल्या निम्म्या पुस्तकांना बुरशी, उरलेल्यांना कसर. मग याच खाऱ्या हवेत दोन-दोन शतकं पुस्तकं सांभाळतंय कोण? मेट्रो, लोकल आणि चर्चगेटपासून थोडी पायपीट करून मी फोर्टातल्या टाऊन हॉलपाशी, म्हणजे एशियाटिक सोसायटीच्या दारात पोचलो.

इमारत मुंबईची वाटतच नाही. तीस पायऱ्या आणि वर ग्रीक देवळासारखे जाडजूड खांब. पायऱ्यांवर फोटो काढून घेणाऱ्यांची गर्दी. त्यांतले फार थोडे आत शिरतात. सर जेम्स मॅकिंटॉश यांनी 1804 मध्ये लिटररी सोसायटी काढली, तिचाच हा पुढचा संसार. इमारतीसाठी लॉटरी काढली, पैसे पुरले नाहीत, शेवटी कंपनी सरकारनं भार उचलला आणि 1833 मध्ये काम पुरं झालं. खांब विलायतेहून जहाजानं आले. त्यांतले काही फारच मोठे निघाले, म्हणून ते भायखळ्याच्या ख्राइस्ट चर्चला लावले, असं सांगतात. आत जगन्नाथ शंकरशेटांचा पुतळा आहे. पां. वा. काणे आणि दुर्गाबाई भागवत इथले नेहमीचे वाचक होते. दान्तेच्या ‘डिव्हाइन कॉमेडी’चं चौदाव्या शतकातलं हस्तलिखित इथल्या संग्रहात आहे. मुसोलिनीनं त्यासाठी दहा लाख पौंड देऊ केले होते, अशी आख्यायिका आहे.

पण मी रेंगाळलो ते पुस्तकं दुरुस्त करण्याच्या टेबलाशी. आधी पुस्तकाची जुजबंदी उसवतात, पानं सुटी करतात. कागदातलं आम्ल मारायला चुन्याच्या निवळीसारखं सौम्य पाणी. मग फाटक्या जागी जपानी टिश्यू, कांद्याच्या पापुद्र्याइतका पातळ, आणि तो चिकटवायला गव्हाच्या सत्त्वाची खळ. वर टिपकागद, त्यावर वजन. खळ मुद्दाम अशी, की उद्या कुणाला ही दुरुस्ती चुकीची वाटली, तर पाण्यानं ती सोडवता यावी. आपण केलेलं काम पुसता येईल अशी सोय ठेवून काम करणारे कारागीर मला दुसरीकडे क्वचितच भेटले.

इथंच एक उलटा न्याय कळला. जुनं पान दणकट आणि नवं नाजूक! अठराव्या शतकातला कागद चिंध्यांचा. तो अजून मऊ, लवचिक. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आला. त्यातलं आम्ल त्याला आतूनच खातं. तेव्हा पणजोबांच्या काळातलं वर्तमानपत्र दुमडलं की बिस्किटासारखं मोडतं, आणि त्याआधीचा ग्रंथ खुशाल उलगडतो.

म्हणूनच काळजी वाटते. लाखाच्या वर पुस्तकं, आणि दुरुस्ती चालते पानापानानं. सोसायटीनं ‘पुस्तक दत्तक घ्या’ योजना काढली. ‘ग्रंथ संजीवनी’ या नावानं जुनी पानं संगणकावर आणली. पण स्कॅन करायचं तर पुस्तक उघडायला हवं, आणि ज्याला स्कॅनची गरज सर्वांत जास्त, तेच उघडताना मोडतं. म्हणजे आधी खळ-टिश्यू, मगच कॅमेरा. त्या हातांना पगार हवा, छताला गळती नको, आणि दर जूनला समुद्र तर दारात येतोच. खांबांना बघायला माणसं येतात. खळीसाठी पैसे मागायला मात्र सोसायटीलाच दारोदार जावं लागतं.

टेबलावर एका पानाच्या कडेला तपकिरी पट्टा दिसला. कुणीतरी प्रेमानं सेलोटेप लावली होती. टेप सुकून गळून पडली, तिचा गोंद मात्र कागदात कायमचा मुरला. मला काही बोलवेना. आजोबांच्या ज्ञानेश्वरीला गेल्या पावसाळ्यात तीच टेप मी लावली होती.

रात्री वर्सोव्याला परतलो आणि आधी कपाट उघडलं. टेप अजून पारदर्शक होती.