आधी काय आणि मग काय : प्रोग्रॅमच्या बांधणीतील क्रम

संगणकावर चालणारा मोठा प्रोग्रॅम एकाच फाइलीत लिहिलेला नसतो. तो शेकडो, कधी कधी हजारो फाइलींत विभागलेला असतो. मनुष्याने लिहिलेली प्रत्येक फाइल कंपायलर यंत्रभाषेत उतरवतो आणि अशा सर्व फाइली लिंकर एकत्र जोडतो, तेव्हा कोठे वापरण्याजोगा प्रोग्रॅम तयार होतो. या सगळ्या खटाटोपाला ‘बांधणी’ म्हणता येईल. जोडणी शेवटी व्हावयाची हे उघड आहे. पण मधल्या पायऱ्या इतक्या सरळ नसतात. काही फाइली मनुष्य लिहीतच नाही. ‘याक’ या प्रोग्रॅमला एखाद्या भाषेचे व्याकरण दिले की, ते ओळखणारा ‘सी’ भाषेतील प्रोग्रॅम तो लिहून देतो. याक चालण्यापूर्वीच कंपायलरला काम सांगितले, तर त्याच्या हाती काहीच येत नाही. किंवा त्याहून वाईट म्हणजे, मागील खेपेची शिळी फाइल येते.

याकचे कर्ते स्टीव्ह जॉन्सन अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत काम करीत. १९७६ साली एके दिवशी ते आपले सहकारी स्टुअर्ट फेल्डमन यांच्या खोलीत संतापून आले. त्यांची सारी सकाळ एका बिनचूक प्रोग्रॅममधील चूक शोधण्यात वाया गेली होती. चूक त्यांनी केव्हाच दुरुस्त केली होती. मात्र दुरुस्त केलेली फाइल पुन्हा कंपायलरमधून काढायची राहून गेली आणि जोडणीत जुनीच यंत्रभाषा आली. आदल्या संध्याकाळी फेल्डमन यांच्यावरही हाच प्रसंग ओढवला होता. त्यांनी सुट्टीचे दोन दिवस घालवून ‘मेक’ नावाचे साधन उभे केले. पुढे २००३ साली याच कामासाठी त्यांना ‘एसीएम’ या संगणकशास्त्रज्ञांच्या संस्थेचा पुरस्कार मिळाला.

मेकचे वैशिष्ट्य असे की, त्याला क्रम सांगावा लागतच नाही. कोणती फाइल कोणत्या फाइलींवर अवलंबून आहे आणि ती कोणत्या आज्ञेने तयार होते, एवढेच त्याला लिहून द्यायचे. अंतिम प्रोग्रॅमपासून आरंभ करून मेक मागे मागे जातो आणि ज्यांना कशाचीच अपेक्षा नाही अशा फाइलींपर्यंत पोहोचतो. मग परतीच्या वाटेवर एकेक पायरी पार पाडतो. आधाराची फाइल तयार फाइलीपेक्षा नंतर बदललेली असेल, तरच ते काम पुन्हा केले जाते. अशा अवलंबनांतून क्रम काढण्याची एक रीत आर्थर कान यांनी १९६२ मध्येच मांडली होती. तिच्यावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. ‘अ’ला ‘ब’ हवा आणि ‘ब’ला ‘अ’ हवा, असे वर्तुळ झाले तर कोणताच क्रम लागू शकत नाही. वर्तुळ नसेल, तर योग्य क्रम बहुधा एक नसतो, अनेक असतात.

खरी अडचण या दुसऱ्या गोष्टीतून उद्भवते. एखादे अवलंबन लिहायचे राहून गेले, तरी बांधणी बरीच वर्षे सुरळीत चालू शकते, कारण मेक सामान्यतः नावे लिहिली असतील त्याच अनुक्रमाने कामे घेतो. याकचे काम यादीत आधी असले की ते आधी होते, आणि हा योगायोग आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही. पुढे अनेक कामे एकाच वेळी चालवण्याची सोय झाली. आता याक आणि कंपायलर बरोबरच सुटतात. कधी एक पुढे, कधी दुसरा. काल झालेली बांधणी आज मोडते आणि उद्या पुन्हा होते. अशा वेळी कामे पूर्ववत एकामागून एक चालवणे हा सोपा, पण फसवा उपाय होय. न लिहिलेले अवलंबन लिहून काढणे हाच खरा उपाय. ‘सी’ भाषेत एक फाइल दुसऱ्या फाइलींना आत ओढून घेते. त्यांची यादी माणसाने राखावी ही अपेक्षाच अवास्तव आहे. ती यादी आता कंपायलरच लिहून देतो.

नुसता क्रम हवा, पण पुन्हा काम नको, असेही प्रसंग असतात. फाइली ठेवण्यासाठी आधी डिरेक्टरी तयार असावी लागते. परंतु डिरेक्टरीत नवी फाइल पडताच तिची वेळ बदलते, आणि सामान्य अवलंबन लिहिले असेल तर जुन्या फाइली विनाकारण पुन्हा तयार होतात. म्हणून २००२ साली ‘ग्नू मेक’मध्ये केवळ क्रमापुरत्या अवलंबनाची तरतूद झाली. २०२२ मध्ये त्याच साधनात याहून विलक्षण सोय आली : पाहिजे असल्यास ते यादीतील अनुक्रम मुद्दामच विस्कटते. लिहिलेली अवलंबने पाळली जातात, बाकी सारे उलटेपालटे होते आणि योगायोगावर उभी असलेली बांधणी तेथेच कोसळते. कोसळताना ते एक आकडा छापते. तो पुन्हा दिला की तीच उलथापालथ हुबेहूब घडवता येते आणि राहून गेलेले अवलंबन शांतपणे शोधता येते.