उतरताना वीज, चढवताना वीज

जुलै-ऑगस्टात कोल्हापूरच्या नदीकाठी चहाच्या टपरीवर एकच विचारणा चालते, "राधानगरीचं दार उघडलं का?" कुणी उघडलं, असं मात्र कुणी विचारत नाही. त्या दाराला माणूस लागतच नाही.

फेजिवड्याला राधानगरी धरणाच्या खालच्या अंगाला उभं राहिलं की ही स्वयंचलित दारं ओळीनं दिसतात. एकूण सात. प्रत्येकाला तोलून धरणारं वजन जोडलेलं. धरणाच्या जलाशयाची, म्हणजे लक्ष्मी तलावाची पातळी 347.50 फुटांच्या वर सरकली की पाण्याचा रेटा त्या वजनाला भारी पडतो आणि दार आपसूक उघडतं. मोटार नाही, बटण नाही, वरून हुकूम यायची वाट बघणं नाही. पातळी उतरली की तसंच आपलं आपण मिटतं. छत्रीला न जुमानणाऱ्या पावसात मी ते बघितलं तेव्हा आधी दाराच्या कडांतून पांढऱ्या धारा फुटल्या आणि बघता बघता सगळं पाणी एकदम बाहेर कोसळलं. थोडं उघडून बघू, मग ठरवू, हा प्रकार इथं नाही. एक दार म्हणजे 1428 क्युसेक. हा आकडा नदीकाठच्या शाळकरी पोरांनाही पाठ असतो. सातही उघडली तर दहा हजारांना चार कमी, त्यात वीजगृहातून सुटणारं दीड हजारांच्या आसपास पाणी मिळवायचं आणि मग राजाराम बंधाऱ्यावरच्या पंचगंगेच्या पातळीकडे डोळे लावायचे. 39 फुटांना इशारा, 43 ला धोका.

शाहू महाराजांनी या धरणाचं काम गेल्या शतकाच्या पहिल्या दशकात हाती घेतलं. पहिल्या महायुद्धानंतरच्या पैशाच्या ओढाताणीत ते रखडलं. महाराज 1922 साली गेले. धरण पुरं झालेलं त्यांना बघायला मिळालं नाही. ते तडीला गेलं स्वातंत्र्यानंतर.

दारं बघायला गर्दी लोटते, वीजगृहाकडे कुणी फिरकत नाही. जुनं वीजगृह 4.8 मेगावॅटचं, नंतरचं 10 मेगावॅटचं. कोयनेच्या 1960 मेगावॅटपुढे हे किरकोळच. पण कोयनेचं बरंचसं पाणी वीज करून सह्याद्रीपलीकडे कोकणात उतरतं. घाटावरच्या शेताला ते पुन्हा मिळत नाही. म्हणून तर कृष्णा पाणीवाटप लवादाला 67.5 टीएमसीची मर्यादा घालावी लागली. राधानगरीची सगळी साठवणच 8.36 टीएमसी, पण इथं जनित्र फिरवून आलेलं पाणी भोगावती नदीतच पडतं आणि उसाला जातं. एका पाण्यात दोन कामं. मला विचाराल तर धरणाची थोरवी मेगावॅटवर मोजणाऱ्यांनी एकदा इथं येऊन जावं.

आणि या पाण्याला कालवा नाही. नदी हाच कालवा. शिरगाव, तारळे, राशिवडे, हळदी, कोगे असे एकाखाली एक बंधारे भोगावती अडवतात. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणून ही रचना महाराष्ट्रभर गेली, ती याच मुलखातून.

पावसाळा सरला की बंधाऱ्यावर बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या आडव्या पट्ट्या, घालायचं काम निघतं, आणि ते बघण्यासारखं असतं. दगडी खांबांना उभ्या खाचा असतात, एकापुढे एक अशा दोन. चार-सहा गडी पाण्यात उतरतात, दोघं वरून बरगा खाचेत सोडतात, खालचे तो पायानं चाचपून पहारीनं ठोकून बसवतात. एकावर एक असे बरगे चढत जातात आणि दोन फळ्या उभ्या राहतात. मधल्या पोकळीत माती टाकून ती तुडवायची. खरी कसोटी पुढे. माती बसली तरी कुठूनतरी पाण्याची बारीक पिचकारी उडतेच. मग गवताच्या पेंढ्या, जुनी पोती, प्लॅस्टिकचा कागद, हाताला लागेल ते फटीत कोंबायचं. एक फट बुजवावी तर शेजारची बोलू लागते. पूर्वी बरगे लाकडाचे होते, आता बरेचसे लोखंडी. ते कुजत नाहीत, पण चोरीला जातात. पावसाळ्याच्या तोंडाला हेच सगळे परत काढायचे. उशीर झाला तर पहिल्या पुरात वाहून आलेले ओंडके त्यात अडकतात आणि पाणी काठावरच्या शेतात घुसतं.

अडवलेलं पाणी मात्र खोल पात्रात असतं आणि ऊस वर, काठावर. म्हणजे मोटारी आल्या. फेजिवड्याला उतरताना ज्या पाण्यानं वीज दिली, तेच हळदीला चढवताना वीज मागतं. थ्री फेज लाईट रात्रीची असली की बॅटरी घेऊन, विंचूकाट्याचं भ्यान बाळगत पाणी पाजायला जायचं.

उन्हाळ्यात वरून पाणी सुटल्याची खबर पाण्याच्या आधी पोचते. वरच्या अंगाच्या मोटारी लगेच सुरू होतात आणि शेवटच्या बंधाऱ्यापर्यंत पात्रात ओलच काय ती येते. यावर पाटबंधारे खात्याचा उपाय म्हणजे उपसाबंदी. ठरलेले दिवस नदीवरच्या मोटारी बंद, पाणी खाली जाऊ द्यायचं, मग पाळीनं उपसा. कागदावर रास्तच आहे. पण उभा ऊस वाळताना आणि समोरून पाणी वाहताना मोटार बंद ठेवायची, हे सांगायला जाणाऱ्या कर्मचाऱ्याची गत काय होते, ते मी ऐकलंय. "साहेब, दार आपलं आपण उघडतंय न्हवं," एका अण्णांनी त्याला सुनावलं, "मग माझी मोटार बंद करायला तुम्ही का येताय?" कर्मचारीही गावचाच निघाला. "तुमची बंद झाली की माझ्या शेताला पाणी येतंय, म्हणून!"